यंत्र उंबरठ्याच्या आत आलं तेव्हा



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हांला वाटेत अडवून विचारलं, "सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत, मग हे ग्राइंडर-ड्रिल मध्येच कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. पण तत्त्वज्ञानाला हत्यारांचं वावडं कधीच नव्हतं. ॲरिस्टॉटल हाताला हत्यारांचं हत्यार म्हणतो. पाणिनीने 'करण' या कारकाची व्याख्याच अशी केली आहे, की क्रिया सिद्ध होण्यात जे सर्वांत अधिक साह्य करतं ते करण. म्हणजे कुऱ्हाडीने लाकूड तोडलं, यातली कुऱ्हाड. कर्ता वेगळा आणि करण वेगळं, हा भेद आपल्याकडे शाळेतली पोरंही तृतीया विभक्तीत शिकतात. आज जे सांगायचं आहे ते या भेदाबद्दलच आहे. करण जेव्हा स्वतःच्या जोरावर फिरायला लागतं, तेव्हा कर्त्याचं काय होतं?

आणि हा प्रश्न आंजर्ल्यात विचारायला कारणही आहे. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं. त्याच्या तडाख्यात आपला दापोली-मंडणगडचा सगळा पट्टा सापडला. आगरंच्या आगरं आडवी झाली. माड, पोफळी, आंबे, फणस पडले, कौलं उडाली, पत्रे कुठल्या कुठे गेले, विजेचे खांब मोडले. त्यात लॉकडाउन. बाहेरून गडीमाणूस मिळेना, सुतार एक आणि घरं शंभर. चाकरमानी गावात आलेले, हाताला काम नाही आणि समोर पडलेलं झाड. त्या पावसाळ्यात इकडच्या कितीतरी घरांत पहिल्यांदा कटर आला, ग्राइंडर आला, कुणाकडे झाड कापायचं पेट्रोलचं यंत्र आलं, ज्याला इकडे वूड कटर म्हणतात. पुढच्या मे महिन्यात तौक्ते आलं, तेव्हा ती यंत्रं परत निघाली. आज ती पडवीत, कोयत्याशेजारी, खुंटीला टांगलेली असतात.

कोयता मात्र तसा खुंटीला कधीच टांगलेला नसायचा. तो कमरेच्या आकडीत असायचा, पाठीमागे, पातं शरीरापासून बाहेर वळवून. माडावर चढणारा दोन्ही हातांनी चढतो, कोयता त्याच्या हातात नसतो. ही आकडी कुणी शोधली हे इतिहासात लिहिलेलं नाही, पण ती सुरक्षा साधनच आहे. तशीच विळी. चाकू चालतो आणि भाजी स्थिर असते. विळीत उलटं, पातं स्थिर असतं आणि हात चालतो. बसणारीच्या पायाखाली पाट, म्हणजे हत्यार हलण्याचा प्रश्नच नाही. काम झालं की विळी आडवी करून ठेवायची. उभी विळी सोडून कुणी उठलं तर म्हातारी माणसं ओरडायची. कात्री हातातून हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. नाहीतर भांडणं होतात म्हणे. भांडणं होतात की नाही हे आम्हांला ठाऊक नाही, पण बोट कापण्याचा धोका कमी होतो हे नक्की.

आमचं म्हणणं असं, की जुन्या हत्यारांबरोबर त्यांचे नियमही घरात वाढले. ते पुस्तकात नव्हते, वागण्यात होते. काही रीतीच्या रूपात, काही अंधश्रद्धेच्या. सुताराचा पोरगा दोन-तीन वर्षं लाकूड धरायचं काम करायचा, मग त्याला रंधा मिळायचा, त्यानंतर वाकस. वाकस हे पायाजवळ चालणारं हत्यार. ते शेवटी मिळायचं. हातकरवत, पटाशी, सामता, गिरमिट या सगळ्यांची एक गोष्ट समान होती. हात थांबला की हत्यार थांबतं. जोर हाताचा, वेग हाताचा, त्यामुळे जखमेची मर्यादाही हाताचीच. कड्यावरच्या गणपतीचं मूळ देऊळ लाकडी होतं असं सांगतात. आज आपण पाहतो ती बांधणी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ते सगळं काम अशाच हत्यारांनी झालेलं आहे.

ही मर्यादा पहिल्यांदा तुटली ती आपल्या गावात नाही, गिरणीत. आणि तिथे आपलीच माणसं होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत १९११ च्या जनगणनेत जवळजवळ निम्मे कामगार एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. तेव्हा जिल्हा मोठा, आजचा सिंधुदुर्गही त्यातच. शेतातून उठून गेलेला माणूस एकदम पट्ट्यावर चालणाऱ्या यंत्रासमोर उभा राहिला. वर एक लांब लोखंडी दांडा फिरतोय, त्याच्यावरून चामड्याचे पट्टे खाली येतायत, आणि एका वाफेच्या इंजिनावर सगळी गिरणी चालतेय. एकाचं धोतर पट्ट्यात गेलं म्हणून इंजिन थांबत नसे.

१८८१ साली हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा झाला. तो शंभर आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरता होता. मुलांच्या कामाचे तास, धोकादायक यंत्राला कुंपण, अपघाताची वर्दी, एवढंच त्यात होतं. 'यंत्राला कुंपण' हा शब्दप्रयोग मुद्दाम लक्षात ठेवा. गुरं आगरात शिरू नयेत म्हणून आपण गडगा घालतो, तसा माणूस यंत्रात शिरू नये म्हणून घातलेला गडगा. आज ग्राइंडरवर जो अर्धगोल पत्रा असतो, ज्याला आपण गार्ड म्हणतो आणि पहिल्या दिवशी काढून कोपऱ्यात टाकतो, तो त्या कुंपणाचाच नातू आहे.

कायदा झाला, पण कामगाराला त्यात काय मिळालं? १८८४ च्या सप्टेंबरमध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांचं निवेदन तयार केलं. लोखंडे 'दीनबंधु'चे संपादक, महात्मा फुल्यांचे सहकारी. रविवारची सुट्टी त्यांच्यामुळे मिळाली हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. १८८४ साली. सुट्टी १८९० मध्ये मिळाली. नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं. मधल्या जवळजवळ चाळीस वर्षांत ज्यांची बोटं गेली, ती माणसं मुकाट्याने गावी परत आली असतील. त्यांची नोंद कुठल्या गॅझेटियरमध्ये नाही.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. १९४८ चा कारखाना कायदा: यंत्रशक्ती वापरणारी आणि दहा किंवा अधिक माणसं असलेली जागा म्हणजे कारखाना. फिरणाऱ्या भागांना कुंपण बंधनकारक, तपासणीला निरीक्षक. मग शेतात मळणीयंत्रं आली आणि हात जायला लागले, तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रांचा वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे कायदा गिरणीतून शेतापर्यंत आला. पण घराच्या उंबरठ्याशी थांबला. आणि ते बरोबरच आहे. आपल्या माजघरात निरीक्षक येऊन मिक्सर तपासू लागला तर आपल्याला चालेल का? पण त्याचा अर्थ असा, की गिरणीत जे काम निरीक्षक, मुकादम, युनियन आणि कायदा मिळून करत होते, ते घरात एकट्या माणसाला करावं लागतं. तोच मालक, तोच कामगार, तोच निरीक्षक. आणि निरीक्षक नेहमी घाईत असतो.

आता यंत्र हातात कसं आलं ते बघू. १८८९ मध्ये मेलबर्नमध्ये आर्नोट आणि ब्रेन या दोघांनी विजेच्या ड्रिलचं पेटंट घेतलं. ते अवजड होतं. १८९५ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टच्या फाइन बंधूंनी हातात धरण्यासारखं ड्रिल बनवलं. पण आज आपण ड्रिल म्हटल्यावर जो आकार डोळ्यांपुढे येतो तो अमेरिकेतल्या ब्लॅक आणि डेकर यांचा, १९१७ च्या पेटंटचा. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली घोडा. ही कल्पना खरोखरच पिस्तुलावरून सुचली असं सांगतात. आम्हांला या घोड्याचं फार कौतुक वाटतं. कारण 'हात थांबला की हत्यार थांबतं' हा सुताराचा जुना नियम या एका बटणाने परत आणला. बोट सुटलं, यंत्र थांबलं. म्हणून ड्रिलवरचं ते छोटं बटण, जे दाबलं की घोडा दाबलेलाच राहतो, ते घरगुती कामात वापरूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. ते कारखान्यातल्या दिवसभराच्या कामासाठी आहे. बिट भिंतीत अडकलं तर ड्रिल स्वतःभोवती फिरतं आणि मनगट पिळवटतं. त्या वेळी बोट सुटणं हाच एकमेव बचाव असतो. आणि बाजूची दुसरी मूठ, जी खोक्यातून आपण बाहेरही काढत नाही, ती त्यासाठीच दिलेली असते.

महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांतून कामगार ड्रिल घरी न्यायला लागले आणि कंपनीच्या लक्षात आलं की घर ही सुद्धा बाजारपेठ आहे. १९४६ मध्ये घरगुती ड्रिल विकायला आलं. इथे इतिहासाने वळण घेतलं असं आम्ही मानतो. कारखान्याचं यंत्र घरी गेलं, मुकादम मागे राहिला.

आपल्याकडे हे वळण स्वयंपाकघरातून आलं. पाटा-वरवंट्याची जागा घेणारा मिक्सर हे मराठी घरातलं पहिलं खरंखुरं विजेचं हत्यार. साठच्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने आपल्या वाटणाला पेलेल असा मिक्सर घडवला आणि पुढे तो 'सुमीत' नावाने घरोघर पोचला. परदेशी यंत्र सुकी चटणी आणि भिजलेली डाळ वाटताना जळायचं. आपल्याला दणकट मोटार हवी होती. गंमत अशी, की या यंत्राचे नियम बायकांनी दहा वर्षांत तयार केले. चालू मिक्सरमध्ये चमचा घालायचा नाही. झाकणावर हात. भांडं काढण्याआधी बटण बंद. गरम वाटण झाकण गच्च लावून फिरवायचं नाही. ओल्या हाताने पिन काढायची नाही. हे कुणी शिकवलं? कुणीच नाही. विळीच्या शिस्तीची सवय असलेल्या हातांनी ते ओळखलं. पुरुषांच्या हातात ग्राइंडर आला तेव्हा त्यांना अशी परंपरा नव्हती, हे आम्ही थोडं चिमटा काढूनच म्हणतो. त्यांनी दुकानदाराला विचारलं, "चालतो ना?" आणि घरी घेऊन आले.

मुंबईत बनणारी रॅलीवुल्फची ड्रिलं पूर्वी फक्त कसबी माणसाकडे असत. ती महाग होती आणि जड होती. २००१ साली आयातीवरचे उरलेले संख्यात्मक निर्बंध उठले आणि स्वस्त यंत्रं बाजारात आली. मग किंमत ही अडचण राहिली नाही. कोयत्याला लागणारी सवय मात्र तितकीच लागते.

ग्राइंडरबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण इकडे अपघात त्याने जास्त होतात. वेगाने फिरणारा हातातला कोनी ग्राइंडर १९५४ साली जर्मनीतल्या फ्लेक्स कंपनीने आणला. आज आपल्याकडे असतो तो चार इंची. डिस्क शंभर मिलिमीटर व्यासाची आणि मिनिटाला सुमारे अकरा हजार फेरे. हिशेब करा. परीघ साधारण साडेएकतीस सेंटिमीटर. गुणाकार केला तर डिस्कची कड ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगाने पळत असते. निसर्ग वादळाचे झोत ताशी एकशेवीसपर्यंत होते, आणि त्यांनी काय केलं ते आपण पाहिलं आहे. दचकून हात मागे घ्यायला माणसाला जवळजवळ पाव सेकंद लागतो. तेवढ्यात ती डिस्क पंचेचाळीस वेळा फिरलेली असते. 'मी सावध राहीन' या वाक्याला इथे अर्थ उरत नाही. सावधपणा यंत्र सुरू करायच्या आधीचा असतो.

म्हणून गार्ड. डिस्क फुटते, राळेने बांधलेली डिस्क ओल खाते, म्हातारी होते. चांगल्या डिस्कच्या मधल्या पितळी कड्यावर मुदत छापलेली असते आणि कागदावर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा असतो. तो आकडा यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा मोठा हवा. आपल्या किनाऱ्याच्या हवेत दोन पावसाळे पडवीत पडलेली डिस्क आम्ही तरी लावणार नाही. पाच इंची डिस्क बसावी म्हणून गार्ड काढणं हे तर आत्मघातकी आहे. आणि याहून वाईट म्हणजे ग्राइंडरला किंवा मार्बल कटरला लाकूड कापायचं दातेरी पातं लावणं. हे आपल्या भागात सर्रास चालतं. मार्बल कटर दगडासाठी आहे. दगडात पातं घासतं, लाकडात दात अडकतात. दात अडकला की यंत्र उलटं माणसाकडे उसळतं. आमच्या ओळखीचे एक सुतार आहेत, तीस वर्षं हातकरवतीवर काम केलेले, एकही ओरखडा नाही. वादळानंतर घाई होती, रीपा कापायच्या होत्या. कटरला दातेरी पातं, गार्ड काढलेला. डाव्या हाताच्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं. आता रंधा धरता येत नाही. पटाशी येते, पण पूर्वीसारखी नाही. ते आम्हांला म्हणाले, "सर, नशिबात होतं."

इथे आम्हांला गीतेच्या अठराव्या अध्यायातला एक विचार आठवतो. तिथे कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. क्रम पाहा. दैव आहे, नाकारलेलं नाही, पण पाचवं आहे. आपण अपघात झाला की थेट पाचव्यापासून सुरुवात करतो. त्या सुतारांच्या बाबतीत अधिष्ठान काय होतं? रीप पायाने दाबून धरली होती. तिला शिकंजा नव्हता, टेबल नव्हतं. करण चुकीचं होतं. चेष्टा, म्हणजे क्रियेची पद्धत: एका हाताने यंत्र, दुसऱ्या हाताने लाकूड. कर्ता दमलेला होता, सहा घरांची कामं अंगावर. या चारांपैकी एक जरी वेगळं असतं, तर पाचव्याला बहुधा संधीच मिळाली नसती. हे आम्ही त्यांना दोष द्यायला म्हणत नाही. त्या जून महिन्यात गावातली छपरं त्यांनीच उभी केली.

करवतीच्या साखळीच्या यंत्राबद्दल थोडंच, कारण ते घरच्या माणसाने शिकल्याशिवाय हातात घेऊच नये. जर्मनीत आंद्रेआस स्टील यांनी १९२६ मध्ये विजेवरचं आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरचं यंत्र केलं. आजच्या साखळीच्या दाताची कल्पना अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याला १९४६ मध्ये एका ओंडक्यातली अळी पाहून सुचली. ती अळी लाकूड डाव्या-उजव्या बाजूंनी कुरतडत जाते. निसर्गाकडून शिकणं म्हणतात ते असं! त्या साखळीचा वेग सेकंदाला वीस मीटरच्या आसपास असतो. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग कशाला टेकला तर ती उसळून चेहऱ्याकडे येते. खांद्याच्या वर कापायचं नाही, शिडीवरून कापायचं नाही. पण वादळात पडलेल्या झाडाची गोष्ट आणखी वेगळी असते. ते उभ्या झाडापेक्षा धोकादायक, कारण ते ताणलेलं असतं. वाकलेली फांदी कापली की धनुष्यासारखी सुटते. मुळासकट उपटलेला बुंधा कापला की मुळाचा गड्डा धप्पकन परत खड्ड्यात बसतो, आणि मुलं नेमकी त्या खड्ड्यात खेळत असतात. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची माणसं आली होती, त्यांचं काम ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत असेल, ती आधी झाडाभोवती फिरून बघायची आणि मगच यंत्र सुरू करायची.

राहिली वीज. विजेने माणूस नेमका किती प्रवाहाने मरतो, हा प्रश्न अमेरिकेत बर्कलीच्या चार्ल्स डॅलझिएल यांनी प्रयोगाने सोडवायला घेतला. त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन प्रवाह हळूहळू वाढवत नेला आणि बघितलं, की कुठल्या टप्प्यानंतर माणसाला हात सोडवता येत नाही. उत्तर आलं, पुरुषांना सरासरी सोळा मिलिअँपिअर, स्त्रियांना साडेदहा. सोळा मिलिअँपिअर म्हणजे किती? घरातल्या साध्या एमसीबीवर सहा अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. हा गैरसमज शिकलेल्या घरांतही आहे. माणसासाठी वेगळं साधन लागतं. गेलेला आणि परत आलेला प्रवाह ते मोजत राहतं आणि तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की क्षणात तोडतं. डॅलझिएल यांनीच १९६१ मध्ये अशा साधनाचा आराखडा केला. आपल्याकडे त्याला आरसीसीबी म्हणतात. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबायचं; खटका पडला नाही तर ते साधन नुसतं शोभेचं आहे असं समजायचं.

आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं, कारण जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही. उन्हाळ्यात कोरडा जांभा वीज सहजी जमिनीत जाऊ देत नाही. अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालावं लागतं. ज्या यंत्रावर चौकोनात चौकोन अशी खूण असते त्याला दुहेरी आवरण असतं आणि अर्थिंगची तार नसते, तिथे ठीक. पण बाकीच्या यंत्रांची तिसरी, जाड पिन तुटली म्हणून दोन पिनांवर चालवणं, गुंडाळलेल्या एक्स्टेंशनवर ग्राइंडर लावणं (तार तापते, उलगडून ठेवा), ओल्या खळ्यात अनवाणी उभं राहून भोक पाडणं, हे सगळं आपण रोज पाहतो. पावसाळ्यात बाहेर विजेचं हत्यार नको. छप्पर गळत असलं तरी नको; ताडपत्री टाका आणि उघडीप बघा.

आणि वीज जाते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ग्राइंडरचं सरकतं बटण चालूच राहतं. वीज गेली, माणूस यंत्र तसंच ठेवून चहाला गेला, वीज आली आणि ग्राइंडर पडवीभर नाचला, अशा हकिगती इथेही ऐकायला मिळतात. वीज गेली की पहिलं काम पिन काढणं. निसर्गनंतर कितीतरी दिवस वीज नव्हती, तेव्हा भाड्याचे जनरेटर फिरत होते. काहींनी जनरेटरची तार घरातल्या प्लगमध्ये उलटी खोचून सगळं घर उजळलं. ती वीज मीटरमधून मागे लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून उलट चढून हजारो व्होल्ट होते, आणि खांबावर महावितरणचा वायरमन लाइन बंद आहे या भरवशावर हाताने काम करत असतो. यंत्राचा धोका आपल्या उंबरठ्याच्या आत राहत नाही, त्याचं हे उदाहरण. मधे बदलस्विच हवा, नाहीतर यंत्राची पिन सरळ जनरेटरलाच लावावी.

खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, ही त्यातली आम्हांला सर्वांत आवडणारी रीत. ते पुसायचं, धार बघायची, झेंडूचं फूल वाहायचं. ज्यांच्या घरी ग्राइंडर आहे त्यांनी यंदा त्यालाही पाटावर घ्यावं: वायर कुठे सोललेली आहे का, कार्बन ब्रश झिजलेत का, डिस्कची मुदत, गार्ड जागेवर आहे का. फूल वाहताना हे सगळं आपोआप दिसतं.

एक चिठ्ठी आली आहे. मुलगा पंधरा वर्षांचा आहे, त्याला ड्रिल हातात द्यावं का? द्यावं. आधी दोन दिवस त्याला फळी धरायला लावावं, म्हणजे बिट कसं शिरतं ते दिसेल. मग फळी शिकंज्यात आवळून, डोळ्यांना पारदर्शक चष्मा (वाचायचा नव्हे, बाजूने बंद असलेला), सैल बाह्या वर, हातमोजे नाहीत. फिरत्या बिटात हातमोज्याचा धागा आधी जातो आणि मागोमाग बोट. भिंतीत भोक पाडायचं असेल तर स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत नाही, तारा तिथूनच गेलेल्या असतात. पहिली चार भोकं झाली की त्याला बिट बदलायला सांगा आणि आपण काही बोलू नका. नुसतं बघा, तो आधी चकला हात लावतो की पिनेला.